सशाचा डोळा बिघडला तर: आधी काय बघायचं, औषध कधी घालायचं

सशाच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं की बहुतेक घरांत एकच क्रम ठरलेला असतो. आधी कपाटात पडलेले थेंब, मग तीन-चार दिवसांची वाट, मग कुणीतरी सुचवलेले दुसरे थेंब, आणि ससा खायचा थांबला की डॉक्टर. हा क्रम पूर्ण उलटा आहे. सशाचा पाणावलेला डोळा हा पुष्कळदा डोळ्याचा आजार नसतोच. मूळ दाढेत, नाकात किंवा कानात असतं. आणि आजार खरोखर डोळ्याचाच असेल, तर चुकीच्या औषधाने तो डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून इथे औषधाचा विषय बराच पुढे येतो. मधले टप्पे गाळून थेट तिथे उडी मारू नका.

## तयारी: जवळ काय हवं, काय लांब ठेवायचं

छोटा टॉर्च, मोठा जाडसर टॉवेल, निर्जंतुक नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्क्यांचं मीठपाणी, गॉजचे तुकडे, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा आणि फोटो काढायला फोन. एवढ्यावर घरची तपासणी पूर्ण होते. टॉर्च सौम्य उजेडाचा असावा. फोनचा फ्लॅश थेट डोळ्यात मारू नका.

कापूस नको. त्याचे तंतू सुटून पापणीखाली अडकतात आणि नवीन कटकट सुरू होते. मध, चहाचं पाणी, कुठलाही काढा नको. डोळ्याची लाली घालवणारे माणसांचे थेंबही नकोत.

खबरदारी: घरात उरलेल्या प्रत्येक बाटलीवरचे घटक वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी एक जरी नाव असेल तरी ती बाटली बाजूला ठेवा. ही स्टेरॉइड्स आहेत. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, जखम असताना ती पडली तर जखम भरायची थांबते आणि खोल जाते. सशाचं शरीर स्टेरॉइडला एरवीही फार संवेदनशील असतं, थेंबातून गेलेलं औषधसुद्धा त्याची प्रतिकारशक्ती खाली आणू शकतं. फसगत बहुधा अशी होते की प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत असतात आणि लोक ती निव्वळ प्रतिजैविकाची समजून वापरतात.

## टप्पा १: हात लावण्याआधी लांबून बघा

उचललेला ससा ताठरतो, डोळे विस्फारतो आणि दुखणं दडवतो. त्यामुळे खरी माहिती तो आपल्या जागी निवांत बसलेला असताना मिळते. पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा.

निरोगी ससा पापणी फारच क्वचित मिटतो, तासाभरात साधारण १० ते १२ वेळा. म्हणजे तुम्ही बघत असताना तो एकच डोळा सारखा मिचकावत असेल, अर्धा मिटून बसला असेल किंवा उजेडाकडे पाठ करत असेल, तर तिथे दुखतंय असं धरून चाला. पुढच्या पंजाने डोळा चोळणं हेही त्याच यादीतलं.

मग त्याच्या डोक्यावरून खाली बघा. दोन्ही डोळे सारखेच बाहेर दिसतात का, की एक जास्त पुढे आलाय? समोरून हा फरक सहज निसटतो, वरून लगेच कळतो.

खाताना बघा. गवताजवळ जातो, तोंडात घेतो आणि टाकून देतो? मऊ खाणं तेवढं उचलतो? मग दातांचा संशय इथूनच सुरू होतो.

पांढऱ्या, गुलाबी डोळ्यांच्या अल्बिनो सशाबद्दल एक गोष्ट. त्याच्या बुबुळाचा लालसरपणा जन्मजात आहे. लाली शोधायची ती पापणीच्या आतल्या बाजूला आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर. असे पुष्कळ ससे मान डावी-उजवीकडे हलवत बघतात. त्याचं कारण त्यांची मुळातली अधू नजर, नवा आजार नव्हे.

## टप्पा २: नीट धरा

टेबलावर नको, जमिनीवर बसा. टॉवेल पसरा, ससा मधोमध ठेवा, पुढचे पाय अंगाखाली घ्या आणि टॉवेलच्या दोन्ही बाजू घट्ट पण गळा न आवळता गुंडाळा. फक्त डोकं बाहेर. त्याचा मागचा भाग तुमच्या पोटाला टेकलेला असू द्या, म्हणजे मागे सरकायला जागा राहत नाही.

मागच्या पायांना आधार हवाच. अधांतरी असताना सशाने जोरात लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. उताणा करून शांत करण्याची युक्ती वापरू नका. तो तेव्हा शांत नसतो, भीतीने थिजलेला असतो.

खबरदारी: डोळ्याच्या गोळ्यावर बोट दाबू नका. त्या दाबाने हृदयाचे ठोके मंदावतात आणि सशामध्ये ही प्रतिक्रिया तीव्र असते. ससा तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर तपासणी तिथेच थांबवा, टॉवेल सोडा आणि डॉक्टरांना फोन करा. ससा एरवी फक्त नाकाने श्वास घेतो.

## टप्पा ३: जवळून बघा, आणि सुरुवात चांगल्या डोळ्यापासून

आधी निरोगी डोळा. एक तर तुलनेला माप मिळतं, शिवाय आजारी डोळ्यातली घाण चांगल्या डोळ्यात जात नाही. बघायचा क्रम बाहेरून आत.

केस आणि कातडी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली केस ओले, चिकटलेले किंवा झडलेले आहेत का? झडलेली, लाल कातडी म्हणजे पाणी कित्येक दिवसांपासून वाहतंय, तुम्हाला दिसलं आज.

स्राव. पाण्यासारखा, दुधाळ, की पिवळट-हिरवा चिकट? दुधाळ स्राव असेल आणि डोळा गढूळ किंवा पुढे आलेला नसेल, तर आतल्या कोपऱ्याखालच्या हाडावर, डोळ्यावर नव्हे, बोटाचं टोक अगदी हलकं टेकवा. खालच्या पापणीच्या आतल्या बारीक छिद्रातून पांढरा दाट पदार्थ वर आला तर अश्रुनलिकेत संसर्ग आहे. माणसाला प्रत्येक डोळ्यात अशी दोन छिद्रं असतात, सशाला एकच. ते बुजलं की पाण्याला दुसरी वाट नाही.

पापण्या. कडा आत वळून केस डोळ्याला घासत नाहीत ना? सूज, खपल्या?

आतला कोपरा. तिथे गुळगुळीत गुलाबी गोळा फुगून आला असेल तर तिसऱ्या पापणीमागची ग्रंथी बाहेर आलेली असू शकते. दिसायला भयंकर, पण सहसा रातोरात धावपळ करण्याजोगं नसतं.

कॉर्निया. टॉर्च समोरून नव्हे, बाजूने तिरपा धरा. निळसर-पांढुरका ढग, खड्डा, चरा किंवा फूल पडल्यासारखा डाग आहे का? कडेने चहूबाजूंनी पातळ गुलाबी पडदा मध्याकडे सरकत असेल तर ती सशांमध्येच आढळणारी वेगळी अवस्था आहे. पुढे तिच्याबद्दल आहे.

कॉर्नियाच्या मागे. बुबुळाच्या रंगीत भागावर पांढरी किंवा मलईच्या रंगाची गाठ? ही बघायला विसरू नका. लोक तिला मोतीबिंदू समजतात आणि म्हातारपणावर ढकलून मोकळे होतात, ससा दीड वर्षाचा असला तरी.

बाहुली. उजेडात आकसते का? दोन्ही सारख्या आहेत का?

तपासून घ्या: डोळ्यासमोर हात हलवून ससा आंधळा आहे का हे ठरवू नका. धडधाकट ससेही पुष्कळदा त्याला दाद देत नाहीत.

आता दोन्ही डोळ्यांचे फोटो काढा, समोरून, बाजूने आणि वरून. उद्या वाढलंय की कमी झालंय हे सांगायला आठवण उपयोगाची नसते.

## टप्पा ४: डोळा सोडून बाकीचा ससा बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो.

सशाचे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. चावून झीज झाली नाही तर दात तोंडात जसे वाढतात तसंच वरच्या दातांचं मूळ कवटीच्या दिशेने सरकतं. अश्रुनलिका डोळ्यापासून नाकाकडे जाताना वरच्या दाढांच्या आणि पुढच्या दातांच्या मुळांना खेटून जाते, आणि वाटेत तिला दोन तीव्र वळणं आहेत. मूळ थोडं जरी लांबलं तरी नळी तिथे चेमटते. पाणी उलटं डोळ्यात तुंबतं, त्यात जंतू वाढतात, दुधाळ स्राव सुरू होतो. अशा वेळी डोळ्यात कितीही थेंब घातले तरी दात आहेत तिथेच आहेत.

म्हणून ओठ बाजूला करून पुढचे दात बघा: सरळ आहेत, आडव्या रेघा-खाचा आहेत, की वाकलेत? मागच्या दाढा घरी दिसत नाहीत, तो प्रयत्न करू नका. त्याऐवजी दोन्ही हातांची बोटं खालच्या जबड्याच्या कडेवरून एकाच वेळी फिरवा. एका बाजूला उंचवटे लागले तर ते दाढांच्या लांबलेल्या मुळांचे असू शकतात. हनुवटी ओली आहे का तेही बघा.

नाकातून स्राव, शिंका, आणि पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकट व गुठळ्यांचे असतील, तर ससा नाक पुसतोय. कान एका बाजूला लोंबतोय, ओठ ओढला गेलाय, त्या बाजूची पापणी मिटत नाही? हे चेहऱ्याच्या नसेचं लक्षण आहे, बहुधा कानाच्या आतल्या संसर्गामुळे. पापणी न मिटल्याने डोळा कोरडा पडून जखम होते. मान तिरकी झालेल्या सशाचा खालचा डोळा जमिनीला घासतो, तोही याच यादीत.

शेवटी वजन आणि लेंड्या. लेंड्या लहान, कमी किंवा बंद झाल्या असतील तर डोळ्यापेक्षा मोठी अडचण सुरू झालीय.

खोलीचाही वास घ्या, तोही सशाच्या नाकाच्या उंचीवर. उभं राहून लघवीचा वास येत नाही, खाली वाकलं की अमोनियाने आपलेच डोळे चुरचुरतात. असं असेल, किंवा गवत धुरळ्याचं असेल, तर दोन्ही डोळे पाणावण्याचं साधं कारण हातात आलं.

## टप्पा ५: किती घाई आहे हे ठरवा

आज, आत्ता: डोळा गच्च मिटलेला, अचानक पांढरा किंवा निळसर झालेला, पुढे आलेला, रक्त दिसणारा, मार लागलेला. तसंच, डोळा कसाही असो, ससा १० ते १२ तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर. दुखण्याने खाणं थांबतं, खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आणि ससा डोळ्याने नव्हे, त्या आतड्याने दगावतो.

आज, आणि इतर सशांपासून वेगळं करून: दोन्ही पापण्या सुजून बंद होत आहेत, दाट स्राव आहे, आणि नाक, कान किंवा जननेंद्रियाभोवतीही सूज आहे. हा मिक्सोमॅटोसिस, म्हणजे सशांचा विषाणूजन्य रोग, असू शकतो. डास आणि पिसवा तो पसरवतात. ज्या देशांत हा रोग आहे आणि लस मिळते तिथे ती घेतलेलीच असावी.

२४ तासांत: दुधाळ किंवा पिवळा स्राव, लालभडक डोळा, बुबुळावर गाठ, सारखं मिचकावणं.

दोन-तीन दिवसांत: डोळा स्वच्छ, पूर्ण उघडा, ससा नीट खातोय, फक्त पातळ पाणी येतंय. या दिवसांत जागा स्वच्छ करा, गवत बदला, सलाईनने पुसा. पाणी थांबलं नाही तर दाखवा.

## टप्पा ६: डॉक्टरांकडे निघण्याआधी

सशांवर नेहमी उपचार करणारे डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचं उत्तम बघणारे सगळेच सशाच्या कवटीचं एक्स-रे चित्र वाचायला सरावलेले असतात असं नाही.

घरातून काहीही थेंब घालून निघू नका. पुढच्या टप्प्यातल्या तपासण्या त्याने बिघडतात. स्रावही घासूनपुसून काढू नका, डॉक्टरांना नमुना लागू शकतो. डोळा चिकटून बंद झाला असेल तेवढाच सोडवा: कोमट सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज अर्धा-एक मिनिट टेकवून ठेवा, खपली मऊ झाली की आतल्या कोपऱ्याकडून बाहेर एकदाच पुसा, प्रत्येक वेळी नवा तुकडा. ओढून काढू नका.

उपाशी ठेवू नका. भूल द्यायची असली तरी सशाला उपास नको. त्याला उलटी होतच नाही आणि रिकामं आतडं त्याला महागात पडतं. डब्यात गवत ठेवा. सोबतीचा ससा असेल तर तोही न्या. फोटो, वजन, आणि आजवर घातलेल्या सगळ्या बाटल्या न्या. बाटली लपवली की निदान चुकतं.

## टप्पा ७: तपासण्यांचा क्रम

इथे तुम्ही प्रेक्षक असता, पण क्रम माहीत असलेला बरा.

१. अश्रूंचं माप. कागदी पट्टी पापणीत धरून मोजतात. हे कुठल्याही थेंबाआधी. निरोगी सशाचं माप कुत्र्यापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून कुत्र्याच्या तक्त्याशी ताडून "डोळा कोरडा आहे" असा निष्कर्ष निघाला तर प्रश्न विचारा.

२. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना, गरज असेल तर.

३. फ्लुरोसीन रंग. नारिंगी रंगाचं औषध डोळ्यात टाकून निळ्या उजेडात बघतात. कॉर्नियावर जिथे जखम आहे तिथे हिरवं चमकतं. हाच रंग काही मिनिटांत त्या बाजूच्या नाकपुडीत उतरला तर अश्रुनलिका मोकळी आहे.

४. डोळ्यातला दाब. काचबिंदूसाठी.

५. बाहुली मोठी करून आतली तपासणी. काही सशांच्या रक्तात अॅट्रोपीन फोडणारं एन्झाइम असतं, त्यांच्यावर अॅट्रोपीनचा परिणाम टिकत नाही. त्यामुळे डॉक्टर दुसरं औषध निवडतात.

६. तोंडाची तपासणी आणि कवटीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. दाढांची मुळं फक्त यातच दिसतात. वरवर तोंडात बघून "दात ठीक आहेत" एवढ्यावर दुधाळ डोळ्याची चौकशी संपत नाही.

तपासून घ्या: डोळा मिचकावतोय किंवा गढूळ आहे आणि रंगाची चाचणी झालेली नाही, तरी थेंब लिहून मिळालेत? तर चाचणी मागून घ्या. संकोच करू नका.

## टप्पा ८: निदानानुसार उपचार

### अश्रुनलिका बुजणं

सर्वांत जास्त ससे याच कारणाने येतात. उपचार म्हणजे नळी धुणं. भूल देणारे थेंब घालून, बारीक बोथट नळी त्या एकुलत्या छिद्रात सरकवून सलाईन सोडतात. घाण नाकातून बाहेर पडली की वाट मोकळी. पुष्कळ ससे हे जागेपणी सहन करतात, काहींना गुंगी द्यावी लागते. हे काम डॉक्टरांचंच.

एका धुण्यात काम भागेल अशी अपेक्षा ठेवू नका. दर तीन-चार दिवसांनी धुवून नळी स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवावं लागतं, सोबत नमुन्यानुसार प्रतिजैविक थेंब. दात कारणीभूत असतील तर त्यांचा उपचार समांतर. नळी कायमची बुजली असेल तर आयुष्यभर रोज पुसणं एवढंच हातात राहतं, आणि तसे ससे चांगले जगतात. कातडी कोरडी ठेवणं हेच मग मुख्य औषध.

### कॉर्नियावरची जखम

गवताची काडी टोचणं, दुसऱ्या सशाची नखं, आत वळलेली पापणी, न मिटणारी पापणी. कारण शोधल्याशिवाय नुसतं औषध चालवलं तर जखम परत येते. गवताचं कुसळ तिसऱ्या पापणीमागे अडकलेलं असू शकतं. चिमट्याने घरी काढायला जाऊ नका.

प्रतिजैविक थेंब, वंगण देणारं जेल आणि वेदनाशामक हा मूळ उपचार. सशांसाठी बहुधा मेलोक्सिकॅम तोंडावाटे देतात, पण मात्रा डॉक्टरच वजनावर ठरवतील. दोन-तीन दिवसांनी पुन्हा रंग टाकून बघायचं. वरवरची साधी जखम आठवडाभरात भरते. भरली नाही तर थेंब बदलून बघण्यापेक्षा कारण पुन्हा शोधा. कधी जखमेच्या कडेची सुटलेली त्वचा डॉक्टरांना खरवडून काढावी लागते, मगच नवी चिकटते. कॉर्निया वितळल्यासारखा मऊ दिसू लागला तर तातडीने तज्ज्ञांकडे.

खबरदारी: तपासणीत वापरलेले बधिर करणारे थेंब घरी मागू नका. त्यांनी ससा शांत दिसतो, पण जखम भरत नाही.

### बुबुळावरची पांढरी गाठ

तरुण सशात, बहुधा एकाच डोळ्यात, ही गाठ दिसली तर एनसेफॅलिटोझून क्युनिक्युली या परजीवीचा संशय पहिला. पिल्लू आईच्या पोटात असतानाच तो डोळ्यातल्या भिंगात शिरलेला असतो. पुढे भिंगाचं आवरण फाटतं, आतला पदार्थ बाहेर येतो आणि तीव्र दाह होतो. जंतूंमुळे झालेलं गळूही असंच दिसतं, म्हणून डॉक्टरांना दोन्ही तपासावी लागतात. रक्तात प्रतिपिंडं सापडली तर सशाचा परजीवीशी संबंध आला होता एवढंच सिद्ध होतं, आजार त्यानेच झाला असं नव्हे.

फेनबेंडाझोल दर किलोला २० मिलिग्रॅम, रोज, २८ दिवस हा प्रचलित उपचार. अस्थिमज्जेवर त्याचा दुष्परिणाम होऊ शकतो, म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि लांबवूही नका. सोबत दाह कमी करणारी औषधं. भिंग काढण्याची शस्त्रक्रिया लवकर झाली तर नजर वाचण्याची शक्यता असते. परजीवीचे बीजाणू लघवीतून पडतात आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या माणसांना त्याचा धोका असतो. अशा व्यक्तीने पिंजरा साफ करू नये, बाकीच्यांनी हात धुवावेत.

### पुढे आलेला डोळा

एकच डोळा पुढे आला असेल तर त्याच्या मागे दाढेच्या मुळापासून झालेलं गळू असण्याची शक्यता मोठी. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो. टोचून वाहून जात नाही आणि औषध त्याच्या आत पोचत नाही. त्यामुळे नुसत्या गोळ्यांवर आठवडे घालवणं म्हणजे वेळ दवडणं. सीटी स्कॅन, खराब दाढ काढणं, गळूचं आवरण साफ करणं आणि बरेचदा डोळाही काढणं, असा मार्ग असतो. उपचार लांबतो हे आधीच मनाशी धरा.

दोन्ही डोळे पुढे येत असतील आणि डोकं खाली केल्यावर जास्त दिसत असतील, तर छातीचा एक्स-रे काढायचा. छातीतल्या गाठीमुळे डोक्याकडचं रक्त परत यायला अडथळा होतो. इथे डोळ्यात काही घालण्यासारखं नाहीच.

### काचबिंदू

न्यूझीलंड व्हाईट जातीत हा आनुवंशिक असतो आणि काही महिन्यांच्या पिल्लातच डोळा मोठा, निळसर दिसू लागतो. दाब कमी करणारे थेंब देतात, पण मोठा झालेला डोळा परत लहान होत नाही. दुखत असेल तर डोळा काढणं हाच दयाळू पर्याय. अशा सशाची पैदास करू नये.

### बाकीचे, थोडक्यात

कडेने पसरणारा गुलाबी पडदा कॉर्नियाला चिकटलेला नसतो. नुसता कापला तर परत वाढतो, त्यामुळे डॉक्टर त्याची कड दुमडून शिवण्यासारखं तंत्र वापरतात. बाहेर आलेली ग्रंथी शस्त्रक्रियेने जागेवर बसवतात. पापण्या, नाक आणि जननेंद्रियावर खपल्या असतील तर सशांचा सिफिलिस असू शकतो. त्यावर पेनिसिलिन, फक्त इंजेक्शनने. साधे आलेले डोळे स्वच्छता आणि प्रतिजैविक थेंबांनी बरे होतात, पण वारंवार आले तर पुन्हा टप्पा ४.

खबरदारी: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन सशाला तोंडावाटे कधीच नाही. आतड्यातले उपयोगी जंतू मरून जीवघेणा जुलाब होतो. माणसांच्या किंवा कुत्र्याच्या गोळीचा चतुर्थांशही नाही.

## टप्पा ९: थेंब घालणं

औषध बरोबर असूनही फायदा न होण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे ते डोळ्यात न जाता गालावर जाणं.

१. हात धुवा. बाटली मुठीत धरून थोडी कोमट करा. गार थेंबाला ससा दचकतो.

२. टप्पा २ प्रमाणे गुंडाळा. आधी घाण पुसून घ्या, नाहीतर औषध चिपडांवरच राहतं.

३. बाटली समोरून आणू नका. मागून, कानाच्या बाजूने आणा. सशाला नाकासमोरचं थोडं सोडून जवळजवळ चहूकडचं दिसतं, तरी समोरून चाल करून येण्यापेक्षा मागून येणारा हात तो सहन करतो.

४. खालची पापणी अंगठ्याने किंचित ओढून खिसा करा. एकच थेंब. दोन घातले तर दुसरा बाहेरच जातो. टोक डोळ्याला किंवा केसांना लागू देऊ नका.

५. पापणी हलकेच मिटून काही सेकंद धरा. बाहेर ओघळलेलं गॉजने टिपा, कारण ससा ते चाटून पोटात घेतो.

६. दुसरं औषध पाच मिनिटांनी. आधी थेंब, शेवटी जेल किंवा मलम. उलट केलं तर मलमाच्या थरावरून थेंब घसरून जातात.

७. सोडण्याआधी आवडीची पालेभाजी हातातून द्या. चार दिवसांत फरक दिसतो.

दिवसातून चार वेळा सांगितलं असेल तर सहा-सहा तासांनी. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिळून चार होत नाहीत. गळ्यात प्लास्टिकची कॉलर शक्यतो नको. ससा गुदद्वारातून थेट खातो त्या मऊ लेंड्या त्याला कॉलरमुळे खाता येत नाहीत, आणि तो खचतो. लावावीच लागली तर ती का आणि किती दिवस हे विचारा.

## टप्पा १०: सुधारणा मोजा

रोज एकाच वेळी, एकाच उजेडात फोटो आणि वजन. सुधारणेची पहिली खूण डोळ्याचा रंग नव्हे, डोळा किती उघडा ठेवतो ही आहे. ४८ तासांत मिचकावणं कमी झालं नाही, ढग पसरला किंवा वजन उतरलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता फोन करा. डोळा चांगला दिसला म्हणून औषध मध्येच बंद करू नका. जखम भरल्याचं रंगाच्या चाचणीने ठरतं.

डोळा काढावा लागला तर शस्त्रक्रिया सशांची सवय असलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्या, कारण सशाच्या डोळ्याच्या खोबणीत मोठी रक्तवाहिनी असते आणि रक्तस्रावाचा धोका इतर प्राण्यांपेक्षा जास्त असतो. घरी आल्यावर पहिले दोन दिवस टाक्यांपेक्षा लेंड्या मोजा. वेदनाशामक वेळेवर, आणि खात नसेल तर डॉक्टरांनी दिलेलं भरवण्याचं मिश्रण सिरिंजने. टाक्यांच्या जागी काही आठवड्यांनीही सूज आली तर आत पू उरला असण्याची शक्यता असते, लगेच दाखवा. ससा एका डोळ्याने छान वावरतो. फक्त त्या बाजूने जाताना आधी आवाज द्या, गवताची टोपली दिसत्या बाजूला ठेवा, आणि उरलेला डोळा आठवड्यातून एकदा टॉर्चने बघा.